खानकाठचे इंदूर : पहिल्या क्रमांकामागचे शतक

इंदूर जिल्ह्याच्या पर्यावरणाविषयी बोलू लागले की हल्ली संभाषण स्वच्छतेच्या पहिल्या क्रमांकापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. आम्हांस हा क्रमांक कमी लेखावयाचा नाही. परंतु ज्या घराण्यांनी येथे सहा-सहा, सात-सात पिढ्या काढल्या, त्यांनी तरी या गोष्टीकडे थोडे मागे जाऊन पाहावयास हवे. इंदूरने कचऱ्याचा विचार २०१६ साली प्रथम केला असे नाही. तो शंभर वर्षांपूर्वीही झाला होता, आणि तेव्हा तो पाण्याच्या विचारापासून वेगळा काढलेला नव्हता.

प्रथम नकाशा समोर घ्यावा. हा जिल्हा विंध्याच्या माथ्यावर, माळव्याच्या पठाराच्या दक्षिण कडेवर बसला आहे. महू तहसिलीतील जानापावच्या डोंगरात चंबळ उगम पावते. उज्जैनला जिच्या काठी सिंहस्थ भरतो ती क्षिप्रा याच जिल्ह्यातील उज्जेनी गावापाशी निघते. चोरल घाट उतरून नर्मदेस मिळते. थोडक्यात, हा जिल्हा नद्यांचे माहेर आहे. नद्या येथे जन्मतात आणि थोरपण येण्याआधीच सासरी जातात. ज्या प्रदेशाच्या वरच्या अंगाला कोणतीच नदी नाही त्याला आभाळातून पडेल तेवढेच पाणी स्वतःचे म्हणता येते. ते साठवले तर आहे, नाही तर नाही. काळ्या कापशी जमिनीखाली बेसाल्टचा थर. त्याच्या भेगांत जे मुरेल ते विहिरीला. माळव्याच्या सुबत्तेविषयीची पावलोपावली पाणी असल्याची जुनी म्हण आपण अभिमानाने सांगतो. त्या म्हणीतले पाणी विहिरींचे आणि तळ्यांचे होते, ही गोष्ट मात्र सांगावयाची राहून जाते.

१८१८ साली मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदुरात स्थिरावली. गाव खान आणि सरस्वती या दोन लहान नद्यांच्या संगमाजवळ होते. आज शासकीय कागदांत ‘कान्ह’ असे लिहितात; जुन्या मंडळींच्या तोंडी ‘खान’ हेच नाव आहे, म्हणून आम्हीही तेच ठेवतो. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या या नदीकाठी बांधल्या गेल्या, यावरून त्या काळी नदीचा मान काय होता हे कळते. गटाराच्या काठी कोणी राजघराण्याच्या छत्र्या बांधीत नाही. पुढे रेल्वे आली, मग कापसाच्या गिरण्या आल्या. दरबारची स्वतःची गिरणी एकोणिसाव्या शतकातली; मालवा मिल आणि हुकुमचंद मिल विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतल्या. गिरण्यांबरोबर वस्ती वाढली, वस्तीबरोबर घाण वाढली, आणि मुंबईत १८९६ मध्ये उद्भवलेला प्लेग येथेही पोहोचला.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे. ‘होळकरशाहीत शहर कसे आरशासारखे होते’ असे वाक्य आपल्या मंडळींत कानी पडते. ते खरे नाही. ज्या शहरात प्लेगच्या साथी वारंवार येत आणि मैला माणसांकडून वाहून नेला जाई, त्यास आरसा म्हणणे ही आठवणींची चूक आहे. होळकरांचे श्रेय वेगळ्या गोष्टीत आहे. घाणीचा प्रश्न त्यांनी जाणकारांसमोर ठेवला आणि त्यांचे उत्तर ऐकून घेतले.

त्यातले पहिले जाणकार म्हणजे पॅट्रिक गेडिस. हे मूळचे स्कॉटलंडचे, शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ. १९१७-१८ च्या सुमारास महाराजा तुकोजीराव होळकर तृतीय यांच्या दरबाराने त्यांस पाचारण केले. त्यांचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत, होळकर स्टेटच्याच छापखान्यात छापला गेला. त्यात त्यांनी शहर गल्लीगल्लीने पाहिले आहे. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध होता. एखादे पडके घर काढावे, एखादे आंगण मोकळे करावे, विहीर साफ करावी, झाड लावावे. शस्त्रक्रिया करावी, पण रोग्यास मारू नये, असा एकंदर भाव. भल्या मोठ्या खर्चाच्या भुयारी गटारयोजनेविषयीही ते साशंक होते. मैला व सांडपाणी नदीत सोडण्यापेक्षा बागांस द्यावे आणि नदीकाठ स्वच्छ करून तेथे बागा कराव्यात, हा त्यांचा आग्रह. शहरासाठी गटारे असावीत, गटारांसाठी शहर नसावे, अशा अर्थाचा त्यांचा टोमणा पुढे नगररचनेच्या ग्रंथांतून पुष्कळ फिरला.

गेडिस यांच्या दिवाळीची हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी सांगितली आहे आणि इंदूरकरांस ती ठाऊक असावयास हवी. प्लेगचे भय होते. लोक घरे साफ करण्यास सांगून ऐकत नव्हते. तेव्हा महाराजांनी गेडिस यांस एका दिवसाचे ‘महाराज’ केले. त्यांनी जाहीर केले की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता ज्या रस्त्यावरची घरे अधिक साफ व दुरुस्त केलेली आढळतील त्या रस्त्याने जाईल. मग काय विचारता! आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून गल्ल्या चढाओढीने झाडल्या गेल्या. मिरवणुकीत हत्ती, घोडे, लक्ष्मीचा रथ. त्यामागून पडक्या घरांचे देखावे, रोगाचे राक्षस, पिसवांनी भरलेला एक अवाढव्य उंदीर. आणि त्यामागून शहराचे सफाई कामगार, नवे पांढरे कपडे घातलेले, गळ्यात हार, गाड्या रंगविलेल्या. शेवटी घाणीच्या राक्षसाचे व उंदराचे दहन.

यातील सफाई कामगारांचा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्यांची सावली टाळण्यात येत असे ती माणसे लक्ष्मीच्या रथाच्या मागून हार घालून चालली. एका दिवसाने जात नाहीशी होत नसते, हे खरेच. तरीही शहर स्वच्छ करणारा माणूस मिरवणुकीत हवा, हे एका परकीयास सुचले. आमच्या वाडवडिलांस सुचले नव्हते. प्लेग त्यानंतर ओसरला. त्यात ऋतुमानाचाही वाटा असणार.

दुसरे जाणकार अल्बर्ट हॉवर्ड, आणि येथे आम्हांस थोडे रेंगाळावेसे वाटते, कारण यात एका मराठी नावाचा वाटा आहे आणि ते नाव विसरले गेले आहे. हॉवर्ड १९०५ पासून बिहारात पुसा येथील संशोधन संस्थेत होते. १९२४ साली इंदुरात ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ स्थापन झाली. जमीन होळकर दरबारची, पैसा मुख्यतः मध्यवर्ती कापूस समितीचा आणि मध्य भारतातील संस्थानांचा. आजचे कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे. संस्था कापसासाठी काढलेली. परंतु हॉवर्ड यांचे म्हणणे असे की, नुसते बियाणे सुधारून काय होणार, जमिनीस खावयास काय घालता?

शेतकऱ्याची अडचण आजही तीच आहे. शेण आहे, पण त्याच्या गोवऱ्या होतात. पऱ्हाट्या, तुराट्या, पाचट, पालापाचोळा पुष्कळ; पण तो नुसता पुरला तर लवकर कुजत नाही, कारण त्यात कर्ब फार आणि नत्र थोडे. कुजविणाऱ्या जिवाणूंस दोन्ही लागतात. इंदूरच्या प्रयोगक्षेत्रावर यातून जी पद्धत बसवली गेली ती ‘इंदूर प्रक्रिया’ या नावाने जगभर गेली. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि जेमतेम दोन फूट खोल खड्डा. त्यात वनस्पतिजन्य कचऱ्याचा थर, त्यावर शेणाचा काला, गोमूत्र मुरलेली गोठ्यातली माती, लाकडाची राख, पुन्हा कचरा. पाणी बेताचे, म्हणजे थर ओला राहील पण चिखल होणार नाही. तीन वेळा उलथापालथ, म्हणजे आत हवा जाते. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, वास नसलेले खत. पऱ्हाट्यांसारखे कठीण काष्ठ कसे फोडावे, यासाठी यंत्र आणले नाही. त्या शेतरस्त्यावर अंथरीत. बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चेंगरल्या जात, मग गोठ्यात बैलांखाली घालीत. माळव्यातल्या कोणाही कास्तकारास जमेल असे सगळे. पूर्वेकडच्या, विशेषतः चीनमधल्या शेतकऱ्यांपासून आपण हे शिकलो, हे हॉवर्ड मोकळेपणाने मान्य करीत.

हे सारे १९३१ मध्ये इंग्रजी पुस्तकाच्या रूपाने ऑक्सफर्डने प्रसिद्ध केले. विषय शेतातील टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस करण्याचा, आणि मुखपृष्ठावर लेखक दोन : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ. जगात सेंद्रिय शेतीचा इतिहास लिहिला जातो त्यात हॉवर्ड यांचा उल्लेख पहिल्या पानावर असतो. वाड यांचा असलाच तर तळटीपेत. हॉवर्ड त्याच वर्षी विलायतेस परत गेले. वाड येथेच होते, आणि १९३४ साली त्यांनी जॅक्सन नावाच्या सहकाऱ्याबरोबर जे लिहिले ते आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे : मानवी वस्तीतील कचरा व मैला इंदूर प्रक्रियेने निर्धोक कसा करावा आणि शेतास कसा द्यावा. म्हणजे शेतावरची पद्धत शहराच्या उकिरड्यावर आणण्याचा विचार नव्वद वर्षांपूर्वी इंदुरातच झाला. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदुरात आले असता त्यांनी ही संस्था पाहिली, आणि ‘हरिजन’मधून इंदूरच्या खताची माहिती देशभर गेली. सांख्यिकीच्या विद्यार्थ्यांस ज्यांचे नाव परिचित आहे ते विनायक गोविंद पानसे यांचीही कारकीर्द याच संस्थेत घडली. पण तो विषय निराळा.

पाण्याच्या बाजूने याच काळात मोठे काम झाले. बिलावली, सिरपूर, पिपल्यापाला ही तळी होळकरकालीन. गंभीर नदीवर शहराच्या पश्चिमेस यशवंतसागर बांधला गेला तो १९३० च्या दशकात. यशवंतराव होळकरांचे नाव त्यास दिले. शहरात भुयारी गटारेही त्याच दशकात घातली गेली, म्हणजे गेडिस यांचा सल्ला अर्धाच मानला गेला. ती गटारे तेव्हाच्या वस्तीपुरती होती. १९६१ मध्ये शहराची लोकसंख्या चार लाखांच्या घरात होती. २०११ च्या जनगणनेत ती एकोणीस लाखांच्या पुढे गेली. मधल्या पन्नास वर्षांत जी घाण वाढली ती कोठे गेली, हे सांगण्यास तज्ज्ञ नको. खानच्या पुलावर उभे राहून नाक मुरडणारी आमची पिढीच त्यास साक्षी आहे.

या काळातली एक मोठी घटना म्हणजे १९७० चे नर्मदा आंदोलन. यशवंतसागर पुरेना, उन्हाळ्यात नळ कोरडे. तेव्हा अभ्यास मंडळासारख्या संस्था, विद्यार्थी, व्यापारी, वकील, निरनिराळ्या पक्षांचे कार्यकर्ते एक झाले आणि नर्मदेचे पाणी इंदुरास आणवण्याचा निर्णय सरकारकडून करून घेतला. मंडलेश्वरजवळ जलूद येथून सुमारे सत्तर किलोमीटर नळ आणि विंध्य चढून येणारे पाणी; १९७८ मध्ये ते शहरात पोहोचले. अहिल्यादेवींच्या महेश्वरापासून हे ठिकाण हाकेच्या अंतरावर आहे. लोकांच्या चळवळीने मिळवलेली ही गोष्ट अभिमानाचीच. परंतु तिचा एक परिणाम असाही झाला की नळास नर्मदा आली आणि आंगणातली विहीर अनावश्यक झाली. कित्येक विहिरींत कचरा पडला, कित्येकांवर फरशी आली. दुसरीकडे विंधणविहिरींनी भूजल असे उपसले की इंदूरचा परिसर अतिशोषित वर्गात जाऊन बसला. शेकडो मीटर चढवून आणलेल्या पाण्याचे विजेचे देयक इतके मोठे झाले की २०२३ मध्ये महापालिकेस जलूद येथे साठ मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी हरित रोखे काढून २४४ कोटी रुपये उभे करावे लागले. रोख्यांस प्रतिसाद उत्तम मिळाला, हेही नमूद केले पाहिजे.

आता पहिल्या क्रमांकाविषयी. २०१६ च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर पंचविसावे होते. २०१७ मध्ये पहिले आले आणि त्यानंतर ते स्थान सोडले नाही. २०२३ चा मान सुरतेबरोबर विभागून होता. २०२४ च्या सर्वेक्षणात, ज्याचा निकाल जुलै २०२५ मध्ये लागला, वरचढ शहरांची वेगळी श्रेणी केली. तीतही इंदूर अग्रभागी. हे नशिबाने झालेले नाही. चौकाचौकातल्या कचरापेट्या काढल्या, घरोघर गाडी जाऊ लागली, ओला-सुका वेगळा करणे सक्तीचे झाले. देवगुराडियाजवळ वर्षानुवर्षे साचलेला कचऱ्याचा डोंगर, सुमारे तेरा लाख टनांचा, २०१८ च्या सुमारास चाळून निकालात काढला आणि शंभर एकर जमीन मोकळी झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथेच रोज साडेपाचशे टन ओल्या कचऱ्यापासून वायू करण्याचा प्रकल्प सुरू झाला. रोज सुमारे १७ हजार किलो वायू आणि शंभर टन खत, अशी त्याची क्षमता. त्या वायूवर शहर-बस चालतात. वाड यांनी हे पाहिले असते तर त्यांस नवल वाटले नसते. फरक इतकाच की त्यांच्या खड्ड्यातले जिवाणू हवेवर जगणारे होते, येथील हवेवाचून जगणारे.

आम्ही शासकीय सेवेत आयुष्य काढले, म्हणून एक निरीक्षण लिहितो. कार्यालयात जे मोजले जाते ते सुधारते, आणि जे मोजले जात नाही ते फाइलीत राहते. कचरा डोळ्यांस दिसतो, मोजता येतो, छायाचित्रात येतो. जमिनीखालची नळी दिसत नाही. नाल्यांत सांडपाणी जाणे थांबवल्याबद्दल २०२१ मध्ये इंदूर देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरले; कोरड्या नाल्यांत क्रिकेटचे सामने भरवून ते लोकांस दाखविण्यातही आले. काम झाले होते, त्यात संशय नाही. सिरपूर आणि यशवंतसागर २०२२ मध्ये रामसर यादीत आले, आणि जानेवारी २०२५ मध्ये उदयपूरबरोबर इंदुरास पाणथळ-शहर म्हणून मान्यता मिळाली. सिरपूरच्या बाबतीत सरकारइतकेच श्रेय पक्ष्यांसाठी तळ्याकाठी पहारा देणाऱ्या स्वयंसेवकांचे, आणि त्यांत चित्रकार-छायाचित्रकार पद्मश्री भालू मोंढे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. पाणथळीवर अतिक्रमण करणाऱ्यांशी आणि आळशी कचेऱ्यांशी वर्षानुवर्षे भांडणे हे काम पुरस्काराच्या पत्रकात मावत नाही.

परंतु ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीस, पटेल नगरातील एका मंदिरात जुन्या बावडीवर घातलेली फरशी खचली आणि ३६ माणसे मृत्युमुखी पडली. आपण कशावर उभे आहोत हे त्या भाविकांपैकी अनेकांस ठाऊकही नव्हते. बावडी होती, ती झाकली, तिच्यावर पूजा मांडली. पाणी खाली तसेच राहिले. त्यानंतर शहरातल्या विहिरी-बावड्यांची मोजदाद झाली. ज्या गोष्टीची नोंद कोणे एके काळी प्रत्येक मोहल्ल्यातल्या बायकांच्या तोंडी होती तिची यादी करण्यास अपघात व्हावा लागला.

आणि २०२५ च्या डिसेंबरअखेर भागीरथपुऱ्यात पिण्याच्या नळास सांडपाण्याचा संसर्ग झाला. शेकडो माणसे अतिसाराने आजारी पडली, अनेकांचे प्राण गेले. पाण्यास वास येतो, रंग येतो, अशी ओरड लोक त्याआधीपासून करीत होते. ज्या वस्तीच्या नावात भगीरथ आहे तेथे चढून आलेल्या नर्मदेच्या पाण्याने ही गत व्हावी! पाणी विंध्य चढून शुद्ध होऊन आले; शेवटच्या काही हातांत, गटाराच्या शेजारून जाणाऱ्या नळीत ते बिघडले. पिण्याच्या पाण्याची आणि सांडपाण्याची वाट वेगळी कशी ठेवावी, हा शहर वसविण्यातला पहिला धडा. गेडिस यांच्या अहवालाच्या केंद्रस्थानी हाच प्रश्न होता, आणि वाड-जॅक्सन यांनी सोळा वर्षांनी त्याचेच दुसरे टोक धरले होते. कचऱ्याची गाडी रोज सकाळी वेळेवर येणाऱ्या शहरात हे घडले, म्हणून ते अधिक लागते. मृतांच्या आकड्यावरून जे वाद झाले त्यांत आम्ही पडत नाही. एकाही घरात ते घडावयास नको होते.

काही मंडळी म्हणतात की यामुळे सारे पुरस्कार खोटे ठरले. आम्हांस तसे वाटत नाही. देवगुराडियाचा डोंगर खरोखरच गेला आहे; शहरातील झाडणारी माणसे खरोखरच पहाटे तीन वाजता रस्त्यावर असतात. पुरस्कार ज्या गोष्टीस मिळाला ती गोष्ट खरी आहे, फक्त ती जिल्ह्याच्या पर्यावरणाचा एक भाग आहे. भोपाळच्या विषारी कारखान्यातला ३३७ टन कचरा २०२५ मध्ये शेजारच्या धार जिल्ह्यात, पिथमपूरला जाळला गेला, तेव्हा इंदूरकरांस प्रथम आठवण झाली ती यशवंतसागरच्या पाण्याची. त्या एका महिन्यात आम्ही जितक्या लोकांच्या तोंडून यशवंतसागरचे नाव ऐकले तितके मागील वीस वर्षांत ऐकले नव्हते.

राहता राहिली खान. ती शहरातून उत्तरेस जाते आणि उज्जैनच्या अलीकडे त्रिवेणीपाशी क्षिप्रेस मिळते. इंदूरचे पाणी सिंहस्थाच्या स्नानात येऊ नये म्हणून २०१६ च्या सिंहस्थापूर्वी तिचे पाणी नळातून उज्जैनला वळसा घालून पुढे नेण्यात आले. ती व्यवस्था अपुरी पडली. आता २०२८ च्या सिंहस्थासाठी याच कामाकरिता अधिक मोठा बंदिस्त कालवा हाती घेतला आहे; त्याचा काही भाग जमिनीखालून बोगद्याने जाईल. क्षिप्रेत वाहते पाणी असावे म्हणून नर्मदेचे पाणी उपसून तिच्या उगमापाशी सोडण्याची योजना २०१४ पासून आहे. म्हणजे क्षिप्रेस पाणी नर्मदेचे, आणि तिची स्वतःची उपनदी मात्र झाकून बाजूने न्यावयाची. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांसमोर बंधारा घालून पाणी अडवले आहे, काठ बांधून काढला आहे, संध्याकाळी दिवे लागतात. छत्र्यांचा दगड त्या उजेडात सुरेख दिसतो. पुलाच्या खालच्या अंगाला, जेथे दिवे नाहीत, तेथे पाणी अजून काळेच आहे.